हिवाळ्यात आधी दिवस बघा, मग नदी: इंग्लंडच्या थंडीत गळ कुठे आणि कधी टाकावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दीड वर्षापूर्वी पुण्याहून रेडिंगला आलात. उन्हाळ्यात थेम्सवर आणि घराजवळच्या कार्पच्या तळ्यावर भरपूर मासे लागले. नोव्हेंबर सरल्यापासून मात्र सलग तीन शनिवार रिकाम्या हाताने परत आलात: एकदा सकाळी सातला थेम्सवरून, एकदा त्याच तळ्यावरून, एकदा फुगलेल्या केनेट नदीवरून. आता रॉड मार्चपर्यंत माळ्यावर टाकावा का, आणि नसेल टाकायचा तर कुठे आणि कधी जावं?

माळ्यावर टाकू नका. वर्षातले माझे सगळ्यात आवडते दिवस हिवाळ्यातलेच आहेत, आणि तुमच्या तिन्ही रिकाम्या शनिवारांना कारणं आहेत. ती तुम्ही लिहिलेल्या हवामानातच सापडतात.

मी मूळचा महाडचा. सावित्रीच्या काठावर वाढलो. गळाने मासे धरण्याला आमच्याकडे गरवणं म्हणतात, आणि गरवायला कधी जायचं हे तिथे पाऊस ठरवतो, थंडी नाही. डिसेंबरातही सावित्रीचं पाणी अंगाला गार लागतं एवढंच; माशाचं खाणं थांबेल इतकं ते कधी उतरत नाही. त्यामुळे २२ वर्षांपूर्वी इथे आल्यावर पहिले तीन हिवाळे मी तुमच्यासारखेच घालवले. सोमवारी जागा ठरवायची, मंगळवारी दिवसाचं तिकीट काढायचं, शनिवारी आभाळ कसंही असो तिथेच जाऊन बसायचं. उन्हाळ्यात हे खपून जातं, हिवाळ्यात नाही. हिवाळ्यात आधी तो आठवडा कसा गेला ते बघायचं आणि त्या आठवड्याला साजेसं पाणी निवडायचं. म्हणजे नोकरीवाल्या माणसाला, ज्याच्या हातात फक्त शनिवार असतो, चार वेगवेगळ्या स्वभावाची पाणी माहीत हवीत. एकाच जागेवर भरवसा ठेवून चालत नाही.

हे असं का, ते आधी सांगतो. इथे ज्याला कोर्स फिशिंग म्हणतात त्यात सॅमन आणि ट्राउट सोडून गोड्या पाण्यातले जवळजवळ सगळे मासे येतात: रोच, पर्च, चब, डेस, ब्रीम, बार्बल, कार्प, पाईक. माशाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. पाणी जितकं, तितकंच त्याचं अंग. जुलैत पाणी १८-२० अंशांवर असतं तेव्हा त्याची पचनाची भट्टी धडधडत असते आणि तो दिवसभर तोंड चालवतो. जानेवारीत पाणी ५ अंशांवर आलं की तीच भट्टी मंदावते. खाल्लेलं पचायला वेळ लागतो, भूक कमी लागते, आणि धारेत उभं राहायला लागणारी ताकद तो वाचवू पाहतो. मग तो काय करतो? उथळ, धावतं पाणी सोडून संथ, खोल, आडोशाच्या जागी जातो, आपल्या जातीच्या माशांच्या घोळक्यात उभा राहतो, आणि दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास काहीतरी खातो. उन्हाळ्यात दोन मैलांच्या काठावर पसरलेले मासे हिवाळ्यात दोन-तीन वळणांवर गोळा झालेले असतात. ते वळण आणि तो अर्धा तास, दोन्ही शोधायचे असतात.

यासाठी विकत घ्यायची पहिली वस्तू म्हणजे थर्मामीटर. माशांच्या टाकीसाठी मिळतो तो साधा, स्वस्तातला चालतो. मी त्याला तीन मीटर दोरी बांधलीय आणि खाली शिशाऐवजी एक जुना नट. काठावर पोहोचलो की रॉड पिशवीतून काढण्याआधी तो पाण्यात सोडतो, तळाला टेकवतो, चार मिनिटं थांबतो आणि वर काढल्या काढल्या आकडा वाचतो, कारण हवेत आला की पारा लगेच हलायला लागतो. आकडा वहीत लिहायचा. तारीख, पाणी, हवा, वारा कुठून, नदी चढती की उतरती, काय लागलं, किती वाजता. दोन हिवाळे अशी वही लिहिलीत की तुमच्या भागातल्या पाण्याबद्दल तिच्याइतकं खरं तुम्हाला कुणीच सांगणार नाही.

माझ्या वहीतून निघालेला हिशोब असा आहे. पाणी ९ अंशांच्या वर असेल तर बार्बलसुद्धा लागतो. ७-८ ला रोच, पर्च, डेस व्यवस्थित खातात. ५-६ ला चबवर भरवसा ठेवावा, रोच संधिप्रकाशात मिळाला तर मिळाला. ४ आणि त्याखाली चब, ग्रेलिंग किंवा पाईक, आणि तेही मोजून एक-दोन. पण नुसत्या आकड्यापेक्षा तो कुठून कुठे चाललाय याला जास्त महत्त्व आहे. काल ४ होता आणि आज साडेपाच, तर मी कामावरून रजा टाकायचा विचार करतो. बुधवारी ९ होता आणि शनिवारी ७, तर आकडा दिसायला चांगला असूनही मासे तोंड मिटून बसलेले असतात. उतरत्या पाऱ्याने मासा सुन्न होतो. पारा एका जागी चार-पाच दिवस स्थिरावला, मग तो अगदी ५ वर का असेना, की त्याला सवय होते आणि तो पुन्हा खायला लागतो.

आता तुमचे तीन शनिवार.

पहिला, थेम्स. तुम्ही लिहिलंय की शुक्रवारी रात्री मोसमातलं पहिलं कडक दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडलं, गाडीची काच खरवडावी लागली, आणि तुम्ही सातला काठावर होतात. पहिल्या दहिवराची रात्र ही सगळ्यात वाईट. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, पाण्यातली ऊब रात्रभर वर निघून जाते. त्यात डिसेंबरात इथे सूर्य उगवतो आठच्या सुमारास. म्हणजे चोवीस तासांतल्या सगळ्यात गार पाण्यात, अंधारात, तुम्ही बसलात आणि अकराला कंटाळून उठलात. उन्हाळ्यातली पहाटेची सवय हिवाळ्यात मोडून टाका. थंड आणि निरभ्र दिवशी बाराच्या आधी घरातून निघायचंही कारण नाही. ढगाळ, दमट, नैऋत्येचा वारा वाहणारा दिवस असेल तरच सकाळ कामाची.

दुसरा, तळं. तुमच्या वर्णनावरून ते उथळ आहे, जास्तीत जास्त छातीभर, आणि चारी बाजूंनी उघडं. असं तळं दोन रात्रींत गारठतं. त्यात तुम्ही दक्षिण काठावर बसलात, कारण उन्हाळ्यात तिथेच मासे लागले होते. इथला हिवाळी सूर्य दक्षिणेला, क्षितिजाच्या थोडा वर, एवढाच फिरतो. दक्षिण काठावरची झाडं आपल्याच पायाशी सावली टाकतात आणि ऊन पडतं ते समोरच्या उत्तर काठावर. शिवाय उत्तरेचा बोचरा वारा त्याच काठावरून पाण्यावर उतरतो, त्यामुळे काठालगतची पट्टी वाऱ्यापासून वाचते. हिवाळ्यात तळ्यावर गेलात तर आधी उत्तर काठ बघा, तिथे वाळलेल्या बोरूंची किंवा लव्हाळ्याची रांग असेल तर अधिकच चांगलं. आणि बसण्याआधी वीस मिनिटं नुसते फिरा. घोळका जमलेल्या जागी एखादा मासा पाठ दाखवतो, एखादा बुडबुडा येतो, पाणी उगाच हलतं. बाकीच्या तळ्यात तेवढ्या वेळात काहीच होत नाही.

तळ्यांबद्दल आणखी एक. केनेटच्या खोऱ्यात रेडिंगपासून थीलपर्यंत खडी काढून उरलेल्या खोल खाणींची तळी आहेत. ही खोल तळी सावकाश थंड होतात आणि सावकाशच गरम होतात. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात, जेव्हा उथळ तळं गारठून गेलेलं असतं, तेव्हा खाणीच्या पाण्यात अजून शरद ऋतूची ऊब शिल्लक असते. फेब्रुवारीत उलटं: चार दिवस उबदार वारा सुटला की उथळ तळं जागं होतं आणि खाण झोपलेलीच राहते. पाणी सर्वांत जड असतं ते ४ अंशांना, म्हणून कडाक्याच्या थंडीत तळाला ४ अंशांचं पाणी साचतं आणि त्याहून गार पाणी वर तरंगतं. अशा दिवसांत आमिष तळालाच हवं. पृष्ठभागावर बर्फाचा पापुद्रा आला असेल तर मात्र घरी जा. बर्फ फोडून गळ टाकणारे लोक आहेत, मी त्यांच्यातला नाही.

आणि मुलांना घेऊन जायचंय, काहीतरी लागायलाच हवं, असं असेल तर मासे भरपूर सोडलेली छोटी व्यावसायिक तळी आहेत. तिथे कार्प आणि क्रुशियनच्या संकरातून आलेला एफ-वन हा मासा थंडीतही खात राहतो. बारीक दोरी, बारीक गळ, दोन अळ्या. त्यात कमीपणा काही नाही. मीही मुलीला तिथेच शिकवलं.

तिसरा शनिवार, फुगलेली केनेट. यावर जरा थांबतो, कारण हिवाळी नदीचं सगळं मर्म पुराच्या पाण्यात आहे. महाडला वाढलेल्या माणसाला पूर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. चढता पूर आणि उतरता पूर ही दोन वेगळी पाणी असतात. चढत्या पाण्यात काड्या, पानं, फांद्या, अख्खे ओंडके वाहत येतात, गाळ उठतो, पाणी गार असतं, आणि मासा जिवाच्या आकांताने आडोसा धरून बसलेला असतो. तुम्ही त्या दिवशी नेमके चढत्या पाण्यावर गेलात. नदी माथ्याला पोहोचून उतरायला लागली, कचरा थांबला, गढूळपणा निवळायला लागला, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीच नदी वर्षातलं उत्तम गरवणं देते. पाण्याला अजून रंग असतो म्हणून मासा बिनधास्त असतो, आणि दोन दिवसांच्या उपासाने भुकेलेला असतो.

हे घरबसल्या कळतं. पर्यावरण खात्याच्या, म्हणजे एन्व्हायर्न्मेंट एजन्सीच्या संकेतस्थळावर प्रत्येक नदीच्या मोजणी केंद्रावरची पाण्याची उंची मीटरमध्ये मिळते, मागच्या पाच दिवसांच्या आलेखासकट. नदी चढतेय, उतरतेय की स्थिर आहे हेही लिहिलेलं असतं. मी हिवाळ्यात रोज सकाळी चहा पिताना हा आलेख बघतो. बघता बघता नद्यांचे स्वभाव कळतात. केनेट खडूच्या डोंगरातल्या झऱ्यांवर पोसलेली नदी. पाऊस आधी खडकात मुरतो आणि मग हळूहळू बाहेर येतो, म्हणून तिचा आलेख सावकाश चढतो आणि आठवडे-आठवडे वरच राहतो. लॉडनला चिकणमातीचा भाग जास्त, ती एका रात्रीत फुगते आणि दोन-तीन दिवसांत खालीही येते. थेम्स तर वरच्या अंगाच्या सगळ्या नद्यांचं पाणी घेऊन येते. तुमच्याकडे ऊन पडलेलं असतं आणि ऑक्सफर्डच्या वर पडलेल्या पावसाचं पाणी दोन-तीन दिवसांनी तुमच्या पायाशी पोहोचतं. म्हणून रविवारी-सोमवारी मोठा पाऊस झाला तर मी शनिवारी थेम्सवर जात नाही, लॉडनवर जातो. थेम्सच्या लॉकवर, म्हणजे बोटी वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या दरवाज्यांवर, प्रवाह जोरात असल्याची लाल पाटी लागली असेल तर विचारही करू नका.

पाणी किती निवळलंय हे बघायची माझी स्वतःची रीत पावाची आहे. पांढऱ्या पावाचा लाडवाएवढा गोळा चुरडून, ओला करून, काठालगत पाण्यात सोडतो आणि तो बुडताना दिसेनासा कुठे होतो ते बघतो. घोट्याएवढ्या खोलीवर नाहीसा झाला तर अजून गढूळ, पुढच्या शनिवारी. गुडघ्यापासून मांडीपर्यंत दिसला तर सामान सोडा आणि बसा, आज दिवस आहे. थेट तळापर्यंत जाऊन तिथे पडलेला दिसला तर पाणी काचेसारखं झालंय, मासा तुम्हालाही तेवढंच स्पष्ट बघतोय. काठापासून लांब बसा, पाय आपटू नका आणि अंधाराची वाट बघा.

एका पाण्यावर मात्र कधीच जाऊ नका, ते म्हणजे वितळलेल्या बर्फाचं. बर्फ पडल्यावर इथले रस्ते मिठाने झाकतात, आणि थोडी ऊब आली की बर्फाचं थंडगार पाणी ते मीठ घेऊन गटारांतून नदीत येतं. हवा ८-९ अंशांवर गेलेली असते, माणसाला वाटतं आता मासे जागे होतील, आणि नदीचा पारा त्याच वेळी खाली येत असतो. अशा एका रविवारी मी सकाळी दहापासून पाचपर्यंत बसलो. थर्मामीटरने दहाला ५ दाखवले, दोनला ४, चारला साडेतीन. रॉडचं टोक एकदाही हललं नाही. त्या दिवशी कळलं की अंगावरचा कोट काढावासा वाटणं आणि पाणी उबदार असणं यांचा काही संबंध नाही.

मग कुठल्या आठवड्याला कुठलं पाणी?

आठवडाभर कोरडी, स्थिर थंडी, रोज रात्री दहिवर, नदी खाली आणि स्वच्छ, असं असेल तर मी कालव्यावर किंवा गावातल्या पाण्यावर जातो. स्लाऊला जाणारी ग्रँड युनियन कालव्याची शाखा पाच मैलांची आहे, तिच्यावर एकही लॉक नाही. हिवाळ्यात बोटी फारशा फिरत नाहीत म्हणून पाणी स्थिर आणि स्वच्छ राहतं, आणि रोच, पर्च आडोशाला जमतात: पुलाखाली, नांगरून ठेवलेल्या बोटींच्या कडेला, गोदामांच्या भिंतीलगत. गाव म्हणजे वाऱ्यापासून आडोसा आणि थोडी जास्त ऊब. पाणकावळ्यांपासूनही बचाव, कारण थंडीत किनाऱ्याकडून आत आलेले पाणकावळे उघड्या पाण्यावरचे घोळके फस्त करतात आणि बारीक मासा जीव वाचवायला बोटींच्या पोटाखाली शिरतो. नॉरफोकच्या ब्रॉड्सवर, म्हणजे तिथल्या उथळ, एकमेकांना जोडलेल्या तळ्यांवर, हे मोठ्या प्रमाणावर दिसतं. पॉटर हाइमसारख्या गावांत हिवाळाभर रोचचे थवेच्या थवे बोटींच्या धक्क्यांत येऊन राहतात आणि त्यांच्या मागे पाईक. कालव्यावर निघण्याआधी एवढं तपासा की दुरुस्तीसाठी तो पट्टा रिकामा केलेला नाही ना. लॉकची कामं हिवाळ्यातच काढतात.

कडाका अगदी जास्त असेल, सगळीकडे ३-४ अंश, तर खडूच्या झऱ्यांची नदी. हे झरे वर्षभर साधारण १० अंशांचं पाणी देतात, त्यामुळे उगमाच्या जवळ नदी बाकीच्यांपेक्षा उबदार राहते. केनेटवर हंगरफर्डच्या आसपास, किंवा हॅम्पशायरमधल्या टेस्ट आणि इचेनवर. इथला मासा ग्रेलिंग, थंडीतही धावत्या पाण्यात खाणारा. ट्राउटचा मोसम शरदात संपला की यातल्या बऱ्याच पट्ट्यांवर ग्रेलिंगसाठी दिवसाची तिकिटं मिळतात, एरवी तिथे पाऊल ठेवणं परवडत नाही. या माशाचं शास्त्रीय नाव थाइम या वनस्पतीवरून पडलंय, कारण ताज्या माशाला तिचा वास येतो असं जुने लोक सांगतात. मला तो वास आपल्या ओव्याचा वाटतो. थाइम आणि ओवा दोघांतही थायमॉल हेच द्रव्य असतं, तेव्हा नाक अगदीच फसत नसावं.

नैऋत्येचा ओला वारा तीन दिवस वाहिलाय, रात्रीसुद्धा ८-१० अंश, नदी थोडी रंगलेली, तर बाकी सगळं सोडून केनेट किंवा लॉडन. हा हिवाळ्याचा सोन्याचा आठवडा. दिवसभर बसा. बार्बलचीही आशा धरा.

आणि जागा? नदीवर मी आधी धारेची कड शोधतो, जिथे वेगाचं पाणी संथ पाण्याला घासून जातं आणि पृष्ठभागावर सुरकुतीसारखी रेघ दिसते. मासा संथ बाजूला उभा राहतो आणि धारेतून येणारं खाणं उचलतो. त्या रेघेवर एखादं वाकलेलं विलो, त्याच्या लोंबत्या फांद्यांना अडकलेला काडी-कचऱ्याचा तराफा, आणि खाली दीड-दोन मीटर पाणी असेल तर चब तिथे असतोच म्हणा ना.

मागच्या जानेवारीतला एक दिवस सांगतो. सहा दिवस कोरडी थंडी, पाणी स्थिर ५ अंश, पावाचा गोळा तळापर्यंत दिसला. मी दोनला पोहोचलो आणि असंच एक विलो निवडलं, पण लगेच गळ टाकला नाही. चुरडलेल्या पावाच्या चार मुठी वरच्या अंगाला सोडल्या आणि झाडामागे बसून चहा प्यायलो. चहाआधी गळ टाकून एक मासा मिळाला असता आणि बाकीचे पळाले असते. तीनला पहिल्यांदा आमिष सोडलं: ताज्या पावाच्या गाभ्याचा दोन रुपयांच्या नाण्याएवढा तुकडा, एका बाजूने दाबलेला, दुसरी बाजू फुललेली. काही नाही. साडेतीन, काही नाही. चार वाजून गेले, सूर्य शेतापलीकडच्या पॉपलरच्या रांगेआड गेला, समोरचा काठ राखाडी झाला आणि पाण्यावरची चकाकी एकदम मेली. पाच मिनिटांत रॉडचं टोक दोनदा थरथरलं, मग सावकाश, इंचभर, पुढे झुकलं आणि तिथेच थांबलं. चब. जवळपास दोन किलो, पितळेच्या भांड्यासारखी खवलं, काळसर शेपूट. त्यानंतरच्या पस्तीस मिनिटांत आणखी दोन. मग अंधार आणि पुन्हा शांतता. तीन तासांपैकी ती चाळीस मिनिटंच दिवस होता. आणि तुम्ही लिहिलंय की तिन्ही शनिवारी तुम्ही तीनच्या आत सामान आवरलंत.

डिसेंबरच्या मध्यात आपल्याकडे सूर्य चारच्या थोडा आधी मावळतो, जानेवारीच्या शेवटी पावणेपाचला, मार्चच्या मध्यात सहाला. त्या वेळेच्या आधी पाऊण तास आणि नंतर अर्धा तास काठावर असायलाच हवं. बाकी दिवस हा त्याची तयारी.

आमिषाचं फार सांगत नाही, कारण थंडीत चूक आमिषाच्या प्रकारात होत नाही, प्रमाणात होते. उन्हाळ्यात किलोभर चारा टाकत असाल तर आता दोन मुठी. भरलेल्या पोटाचा मासा दोन दिवस ढुंकून बघत नाही. स्वच्छ पाण्यात पाव, रंगलेल्या पाण्यात वासाचं काहीतरी: डब्यातलं मांस, चीज मळून केलेला गोळा. पर्चला मोठं गांडूळ. पाईकसाठी मेलेला समुद्री मासा, आणि त्यातही इथला बांगडा मला सगळ्यात चांगला वाटतो: तेलकट, थंड पाण्यातही वास लांब जातो, कातडी घट्ट म्हणून गळावरून सुटत नाही. मात्र पाईकला तारेची दोरी, मोठी जाळी आणि चिमटा हवा, आणि तो गळ काढायला माहीतगाराकडून एकदा हातात हात धरून शिकायला हवं. त्याआधी पाईकच्या वाटेला जाऊ नका, माशाच्या भल्यासाठी.

नियम. १३ वर्षांपुढच्या प्रत्येकाला सरकारी रॉड लायसन्स लागतं, ते तुमच्याकडे आहेच. त्याशिवाय त्या पाण्याच्या मालकाची किंवा क्लबची परवानगी वेगळी. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून पूर्ण बंदी. बहुतेक तळ्यांवरची ही बंदी १९९५ मध्ये आणि कालव्यांवरची २००० मध्ये उठली, पण काही संरक्षित पाण्यांवर अजून आहे, विचारून घ्या. ही बंदी मला मनापासून पटते. आमच्याकडे मृगाच्या पहिल्या पावसात मासे अंडी घालायला ओढ्या-शेतांत चढतात, त्याला वलगण म्हणतात, रत्नागिरीकडे चढणीचे मासे. लहानपणी ते टोपल्या भरभरून धरताना मीही असायचो. पोटात गाभोळी असलेला मासा धरला की पुढच्या वर्षीचे किती कमी झाले हे तेव्हा कुणी मोजत नसे. आता त्याच ओढ्यांत काय उरलंय ते गावी गेल्यावर दिसतं.

म्हणूनच घरी न्यायचा प्रश्नही इथेच मिटवतो, कारण तुम्ही तोही विचारलाय. कायद्याने नदीतून दिवसाला ६५ सेंटीमीटरपर्यंतचा एक पाईक, ३० ते ३८ सेंटीमीटरचे दोन ग्रेलिंग आणि २० सेंटीमीटरच्या आतले १५ छोटे मासे नेता येतात. तळ्यातून मालकाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही नाही. पण जवळजवळ सगळ्याच क्लबांत एकही मासा न्यायला मनाई आहे, आणि तुमचं तिकीट क्लबचं असतं. सगळे सोडून द्या. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीत देवीचे मासे आहेत, लोक त्यांना चुरमुरे घालतात आणि कुणी हात लावत नाही. मी इथल्या नदीकडे त्याच नजरेने बघायला शिकलो. सोडतानाही थंडीत एक काळजी घ्या: दहिवर पडलेल्या गवतावर मासा ठेवू नका. ओले कल्ले आणि डोळे गोठतात. गळ शक्यतो जाळीतच, पाण्यात काढा.

आता तुमच्या जिवाचं. ५ अंशांच्या पाण्यात पडलात तर पोहता येणं उपयोगाचं नाही. पहिल्या मिनिटात श्वासच हातात राहत नाही. पाच वर्षांपूर्वी पूर उतरत असताना मी ओळखीच्या कुरणातून घोटाभर पाण्यातून चालत होतो. काठ कुठे संपतो हे पाठ आहे असं वाटत होतं. पाण्याखालचा चर विसरलो आणि कमरेपर्यंत आत गेलो. जाळीचा दांडा आडवा पडला म्हणून वर आलो. तेव्हापासून काठ डोळ्यांना दिसत नसेल तर मी परत फिरतो, आणि नदीवर फुगणारं लाइफ जॅकेट घालतो. कुठे जातोय आणि किती वाजता येणार हे घरी सांगून निघा. डोक्याला लोकरीची टोपी, दोन मोजे, सुक्या हातमोज्यांची जादा जोडी, थर्मासमध्ये काहीतरी गरम. गारठलेल्या बोटांनी गळाची गाठही धड बसत नाही आणि चुका तिथूनच सुरू होतात.

या शनिवारचं बोलायचं तर: मागचा आठवडा गोठलेला होता, काल रात्रीपासून वारा नैऋत्येचा झालाय आणि गुरुवारी पाऊस सांगितलाय. शुक्रवारी सकाळी लॉडनचा आलेख बघा. पाऊस थोडाच झाला आणि रेघ उतरणीला लागली असेल तर शनिवारी बाराला लॉडनवर जा, धारेची कड आणि विलो शोधा, अंधार पडेपर्यंत उठू नका. पाऊस मोठा झाला आणि रेघ अजून चढत असेल तर नदी सोडा, स्लाऊच्या कालव्यावर पुलाखाली पाव आणि गांडूळ घेऊन बसा. आणि या हिवाळ्यात एकच सुट्टी टाकता येणार असेल तर ती मार्चच्या पहिल्या पंधरवड्यासाठी राखून ठेवा. दिवस लांबलेला असतो, पाणी वर चाललेलं असतं, चब वर्षातला सगळ्यात वजनदार असतो, आणि १४ तारखेच्या अंधारात नदी तीन महिन्यांसाठी बंद होते. त्या शेवटच्या संध्याकाळी मी दरवर्षी केनेटवर असतो. यायचं असेल तर सांगा, माझ्या विलोच्या खालच्या वळणावर एकाला बसता येईल एवढी जागा आहे.